सोंडेतलं फूल

फूल आजही होतं. मी रेवाला कडेवर घेतलं आणि आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

औंढ्याच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर, पायथ्याजवळ, दगडी हत्तींची एक ओळ आहे. रोज सकाळी एक हत्ती काढायचा, असं करत भिंत संपवायची आणि त्या चित्रांचं पुस्तक करायचं, असं मी ठरवलं होतं. कॉलेजात असताना मोठमोठे बेत केले, एकही तडीला गेला नाही. रेवा झाल्यावर कळलं, रोजचा अर्धा तास हाती राहिला तरच काही होईल. तो अर्धा तास मागितला तेव्हा सासूबाई, म्हणजे मंजुळाबाई, उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "जाय. पण लेकरू एकदा जरी नजरेआड झालं ना, त्या दिशीपासून चित्रं-फित्रं बंद. सांगून ठेवते."

आणि आता हे फूल. काल काढलेल्या हत्तीवर नाही, उद्या काढणार त्यावरही नाही. आज जो काढायचा, नेमकं त्याच्याच सोंडेच्या वळणात खोचलेला झेंडू. माझ्या मनातला क्रम कुणाला कसा कळला?

चपला सांभाळणारा प्रेमदास एकदा हसून म्हणाला होता, "आज कितवा हत्ती, ताई?" याला काय करायचंय? कोपऱ्यावर फुलं विकणारी निर्मलाबाई तर मी आले की बोलता बोलता गप्प व्हायची. शेवटी तिलाच विचारलं, "मावशी, ते फूल तुमचं का?"

"समदी फुलं माझीच, माय. इथं दुसरं कोन इकून राहिलंय?"

हे काही उत्तर नव्हतं. घरी हरीशला सांगितलं तर म्हणे, "देवळात फूल दिसलं म्हणून घाबरणारी तू पहिलीच." तेव्हापासून त्याला सांगणंच सोडलं. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज रोज फोनवर येत होते. रेवा अडीच वर्षांची. कुणीतरी आमची वेळ, आमची जागा पाहून ठेवत होतं.

मग एकदा ते फूल काढून हातात घेतलं. पाकळ्या कडेनं वाळलेल्या. म्हणजे आज ठेवलेलं नव्हतं, कालचं होतं. काल तर मी इथंच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी फोनचा पुढचा कॅमेरा सुरू केला आणि पाठीमागचं दिसेल असा फोन पिशवीला टेकवून ठेवला. रेवा नेहमीसारखी शेजारी मुरमुऱ्याची वाटी घेऊन बसली. मी मान खाली घालून नुसतीच पेन्सिल फिरवत राहिले. डोळे फोनवर.

प्रेमदास आला नाही. निर्मलाबाई हलली नाही. रेवा उठली.

सरळ कोपऱ्यापर्यंत गेली, टोपलीबाहेर सांडलेला एक झेंडू उचलला, परत आली, पुढच्या हत्तीच्या सोंडेत खोचला आणि होती तिथं बसून मुरमुरे खाऊ लागली. एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. रोजचं काम असल्यासारखी.

"रेवा! काय केलंस ते?"

"जागा धरली," ती म्हणाली. "उद्याची."

हिंगोलीच्या स्टँडवर, माहेराहून परतताना, मी एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला होता आणि तिला सांगितलं होतं, 'जागा धरली. आता कुणी बसत नसतं.' हसू आलं, आणि मग लक्षात आलं. रोजचं फूल म्हणजे रोज ती उठली होती, कोपऱ्यापर्यंत गेली होती. साऱ्या औंढ्यावर संशय घेणाऱ्या मला दिसलं नव्हतं.

"दिसलं का आज?" निर्मलाबाई ओरडली. "तुमचं डोस्कं खाली गेलं की उठतीच ती!"

"मग मला सांगितलं का नाही, मावशी?"

"तुमच्या सासूनंच बजावलंय, पहिल्याच दिशी. लेकरावर ध्यान ठेव, अन् सूनबाईला चित्रावरून उठवू नको म्हने."

घरी आले तेव्हा मंजुळाबाई सुपात तूर पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झाला का?"

"काय झाला?"

"दर्शन, दुसरं काय," म्हणाल्या आणि सूप जोरात हलवलं.

दर्शन होतं 'झालं'; 'झाला' तो हत्तीच. दमही द्यायचा आणि राखणही करायची? की निर्मलाबाईकडून सगळं ऐकून एक दिवस तोंडावर मारायला साठवून ठेवत होत्या? रेवा उठून जाते हे मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओढणीचं एक टोक रेवाच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. हत्तीचं डोकं झालं, सोंडेला हात घातला आणि ती उठली. मनगटाला हिसका बसून रेघ पार कागदाबाहेर गेली. सोंड खोडली नाही. फूल आणायला तिच्यामागं मीही उठले.