आधी कठडा

"पोर आहे का शेरडू?" सुनेनं डोक्यावरची कोबीची पाटी धाडकन अंगणात आदळली. दोन गड्डे घरंगळत गोठ्यापर्यंत गेले. "मामंजी, तुम्हालाच विचारतेय! बाजेला बांधायला माझी पोर शेरडू आहे का?"

म्हातारा गवंडी बाजेवर बसला होता. दोरीचं एक टोक बाजेच्या पायाला, दुसरं नातीच्या कमरेला. नात दीड वर्षाची. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दोरी पोचेल तिथवर जाऊन ती मातीत बोटं खुपसत होती.

"मग काय करू?" म्हातारा उसळला. "चालायला लागून पंधरा दिवस झाले नाहीत, तर पायांना चाकं लागलीत हिच्या. माझे गुडघे हे असे. ती पळणार अन् मी बघत बसणार! आणि तिकडे ती विहीर, तोंड वासून बसलेली."

अंगणाच्या कोपऱ्यातल्या विहिरीचा कठडा मागच्या पावसात आत कोसळला होता. तेव्हापासून विहीर जमिनीसरशी उघडी. उभ्या जन्मात म्हाताऱ्यानं अर्ध्या गावाच्या भिंती बांधल्या, आणि त्याच्याच दारात हा खड्डा. पण गुडघे गेले तसं त्याला ओणवं होता येईना. मुलाला सांगून सांगून जीभ झिजली. मुलगा दर वेळी म्हणायचा, "उद्या करतो." गावानं त्याचं नावच 'उद्या' पाडलं होतं.

"पोर वाढत जाणार मामंजी, दोरी तेवढीच राहणार," सून गाठ सोडत म्हणाली.

"हे तुझ्या नवऱ्याला सांग."

"त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

राग दोघांचाही तिसऱ्यावर होता. पण तो तिसरा समोर नव्हता, म्हणून दोघं एकमेकांवरच तोंडसुख घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी सून शेतात गेली आणि म्हाताऱ्यानं परत दोरी काढली. या खेपेला कमरेऐवजी तिच्या मनगटाला दुहेरी गाठ मारली. दुपारी ऊन चढलं, त्याचा डोळा लागला.

डुबुक.

त्या आवाजानं तो जागा झाला. दोरी ओली, चावलेली, मोकळी पडली होती. भिंगरी विहिरीच्या काठाशी उभी होती. त्याची एक वहाण पाण्यात गेली होती आणि दुसरी तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती.

हाक घशापर्यंत आली ती त्यानं गिळली. पोर दचकली असती. तो बाजेवरून खाली घसरला आणि दोन वर्षं जमिनीला न टेकलेल्या गुडघ्यांवर रांगत निघाला. खडे रुतत होते, तोंडातून हूं की चूं नाही. अंगण एवढं मोठं कधी झालं? पोरीनं वहाण फेकली, ती कुठे पडली ते बघायला वाकली, आणि त्याच्या मुठीत झबल्याचा घोळ आला.

"मी! मी!" भिंगरी किंचाळली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं तिला सोडलं नाही.

सून आली तेव्हा दोघं तसेच मातीत बसले होते.

"माझा डोळा लागला," म्हातारा म्हणाला. त्यानं काही लपवलं नाही. "गाठ तिनं दातांनी सोडली."

सून ओरडली नाही. खाली बसून पदरानं त्याच्या सोलवटलेल्या गुडघ्यांवरची माती पुसायला लागली.

तेवढ्यात दारात भोंगा वाजला. मुलगा मित्राचा टेम्पो घेऊन आला होता, स्वारी खुशीत. "चला, सगळे बसा! धरणावर जाऊ. भिंगरी अजून गावाबाहेर गेली नाही. पाणी दाखवू तिला!"

"पाणी?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "अरे शुंभा, पाणी बघायला धरण कशाला? दारातच आहे की! आत्ता माझ्या वहाणा बुडवल्या तिनं. घटकाभर उशीर झाला असता तर आज तिलाच काढत बसला असतास!"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, उद्या नक्की—"

"उद्या म्हणालात तर जीभ हासडीन!" सून उठली. तिनं पोरीला कडेवर घेतलं, सासऱ्याला हाताला धरून टेम्पोत पुढे बसवलं. "फिरायला न्यायचंय ना? चला. वीटभट्टीवर."

अशी भिंगरीची पहिली सहल वीटभट्टीवर गेली.  वाटभर पोर खिडकीतून दिसेल त्या झाडाला बोट दाखवत होती.

भट्टीवर लाल धुरळा, उन्हाची काहिली. आईनं खाली ठेवल्याबरोबर भिंगरीनं तिचं बोट झिडकारलं आणि विटांच्या ढिगांमधून एकटी निघाली. दहा पावलांवर तोंडघशी पडली. बाप धावला.

"उचलायचं नाही," सून म्हणाली. "उठेल तिची ती."

ती उठली. हात पोटाला पुसले, विटेचं एक अर्धुक उचललं आणि छातीशी कवटाळून डुलत डुलत टेम्पोकडे निघाली. विटा वाहणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. बाप अर्धुक घ्यायला वाकला तर ती त्याच्यावर खेकसली, "मी!"

"घरात एक तरी कामाचं माणूस आहे म्हणायचं," भट्टीवाला हसला.

मुलाचे कान लाल झाले. त्यानं बाह्या सारल्या आणि विटा भरायला लागला.

तीन दिवस काम चाललं. म्हातारा पाटावर बसून विहिरीभोवती सरकत होता, थर चढवत होता, आणि दर विटेमागे एक शिवी हासडत होता. "माल कालवलास की चिखल? ओळंबा धर नीट! हात आहेत की लाकडं?" मुलगा खाली मान घालून मिळेल ती शिवी घेत होता. सून पोरीला घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. तीन दिवस शेताकडे फिरकली नाही. कमरेच्या वर कठडा आला, त्यावर गिलावा झाला, तेव्हा कुठे उठली.

"झालं ना बाबा?" मुलगा घाम पुसत म्हणाला. "आता तरी राग सोडा."

म्हाताऱ्यानं वळून बघितलं. फाटक उघडं होतं आणि भिंगरी रस्त्यावर पोचली होती. तो काठी टेकत मागे गेला. सून पण धावली. पोर शेजारच्या दूधवाल्याच्या अंगणात शिरली होती. तिथे म्हशींच्या पाण्याचं भलंमोठं टाकं होतं, जमिनीत खोदलेलं, वर अर्धामुर्धा पत्रा टाकलेला.

म्हाताऱ्याच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. सुनेनं पोरीला धरून ठेवलं, उचललं मात्र नाही. म्हाताऱ्यानं दूधवाल्याच्या दारावर काठी आपटली.

"ए दूधवाल्या! झोपलास का? बाहेर ये! भांडायला आलोय!"

भिंगरीनं आजोबाकडे बघितलं, मग दाराकडे. पाय आपटून ती पण ओरडली, "ये!"