शेवटच्या तिघांना विसरलेला संगणक

मित्रांनो, मंठ्यात गोजरबाईंच्या घरी फडताळाशेजारी पिवळा पडलेला एक डबा दिसतो ना, तो मी. संगणक आहे, जुनाच. पण एके काळी लोक चपला बाहेर काढून मला बघायला येत.

माझी जुळणी १९९८ साली जुन्या जालन्यातल्या एका दुकानात झाली. गोजरबाईंच्या मुलाने, मच्छिंद्रने, मला टेम्पोत गादीवर बसवून मंठ्याला आणलं आणि संगणकाचा वर्ग काढला. मी कधी चुकत नाही, असं तो येईल त्याला सांगे. हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं.

पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीचं, कौसल्याचं, लग्न ठरलं. केदारखेड्याच्या काकासाहेबांच्या मुलाशी. वऱ्हाडाच्या पंगती संगणक लावणार, असं मच्छिंद्रने जाहीर करून टाकलं. काकासाहेबांनी एकशे तीन नावांची यादी धाडली. रीत म्हणून पाहुण्यांची नावं आधी आणि स्वतःचं, भावाचं, मेहुण्याचं अगदी शेवटी. मच्छिंद्रने ती सगळी माझ्यात एका रांगेत भरली. प्रोग्रामच्या भाषेत अशा रांगेला अ‍ॅरे म्हणतात. मग हुकूम सोडला: पंचवीस-पंचवीसचे समान भाग पाड. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी चार भाग पाडले. तीन नावं उरली. त्यांचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं काम करायची मला सवय नाही.

लग्नात मला मांडवातच टेबलावर ठेवलं होतं, वर कुंकू लावून. अक्षता पडल्या, पंगती बसू लागल्या. मच्छिंद्र माइकवरून एकेक नाव पुकारी. चार पंगती जेवून उठल्या. काकासाहेब लोडाला टेकून मिशी कुरवाळत होते. पुकारा झाल्याशिवाय वरबाप उठणार कसा? तेवढ्यात मच्छिंद्र म्हणाला, "वऱ्हाडाची यादी संपली!"

काकासाहेब ताडकन उठले. "मंग आम्ही काय मांडव पाहायला आल्तो? जीप काढा रे! नवरी राहू द्या त्या डब्यापाशीच!"

कौसल्याला रडू फुटलं. मच्छिंद्रने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "हे यानं केलं!" मला फार वाईट वाटलं.

गोजरबाई पुढे आल्या. "राह्यलेल्याईचं काय सांगितलं व्हतं तू याला?"

"काहीच न्हाई, आई."

"मंग त्याचा काय कसूर?" त्या काकासाहेबांकडे वळल्या. "इवाई, पाहुणे आधी जेवतेत, घरचे मागून. तुम्ही आता घरचे झाले. आमची पंगत तुमच्यासाठीच खोळंबली. चला जल्दी."

काकासाहेबांचा मिशीवरचा हात खाली आला. भूक तर लागलीच होती. ते बसले आणि बुंदी तीनदा मागून घेतली. नवरी जीपमध्ये बसली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: जे उरतील त्यांचा आणखी एक भाग.

मित्रांनो, पुढे माझ्याहून चपळ संगणक आले. २००६ साली वर्ग बंद झाला. आम्ही तेरा जण होतो. तीन शाळांनी चार-चार नेले. उरलो मी. भंगारवाला दारातच उभा होता. मच्छिंद्र मला उचलायला वाकला, तर गोजरबाईंनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. घरचा हाय त्यो."

कौसल्या माहेरी आली की माझ्यावरची धूळ पुसते. तुम्ही वाटे समान घाला, जरूर घाला. पण उठण्याआधी कोण उरलं ते एकदा बघा.