सहभागी क्रमांक सात

शाश्वत उद्योजकता शिकवता येते का, यावर मी सहा वर्षं संशोधन करतेय. येते, असं माझं म्हणणं आहे. ते छापूनही आलंय, त्यामुळे आता माघार घ्यायची सोय नाही.

काम तसं साधं. आमच्या कॉलेजात हा कोर्स करून ज्यांनी खरोखर धंदा काढला, अशा बत्तीस जणांच्या मी मुलाखती घेतल्या. मुलाखत टाइप करायची, मग एकेका उत्तरासमोर लेबल लावायचं. चिकाटी, मूल्यनिष्ठा, परिस्थितीनुरूप बदल, अशी सतरा लेबलं आहेत. नावं काढून नंबर द्यायचे. सहभागी क्रमांक सात म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. नात्यातलं माणूस घेतलंय, हे मी तळटीपेत प्रामाणिकपणे लिहिलंय.

धाकटीनं माझ्याच वर्गात बसून कोर्स केला आणि साबणाचं दुकान काढलं. भांड्यांचा, कपड्यांचा, फरशीचा पातळ साबण. आपली बाटली घेऊन या, भरून न्या. दुकानातून प्लॅस्टिक मिळणार नाही. तीन वर्षं चाललं. माझी मुलाखत झाली आणि चार महिन्यांनी तिनं शटर ओढलं ते कायमचं. तिच्यावरच्या माझ्या प्रकरणात ते शटर नाही. माझं प्रकरण मुलाखतीपाशी संपतं.

आता या संशोधनाचं पाठ्यपुस्तक होतंय. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "यशोगाथा तीन तरी हव्यात हो. आणि सहभागींच्या सह्या शुक्रवारपर्यंत आणा. पुस्तक आलं की तुमचं कायम करायचं मी बघते." नऊ वर्षं मी कंत्राटावर आहे. दरवर्षी मे महिन्यात स्वतःच्याच खुर्चीसाठी अर्ज करते. आनंद व्हायला हवा होता. मी "बरं" म्हटलं आणि पेपर तपासायला बसले. हल्ली मला असंच होतं, काही आत पोचतच नाही.

गुरुवारी दुपारी धाकटीकडे गेले. ती आता डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. बाहेर बाकांवर डोळ्यांत औषध घातलेली माणसं डोळे मिटून ओळीनं बसली होती. ती त्यांच्यामधून आली, मला मागच्या खोलीत नेलं, आणि डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "काय गं ताई, आज वाट वाकडी केलीस?"

"सही हवीय. तुझ्या मुलाखतीतला भाग पुस्तकात जातोय. वाचून घे, नको असेल तर काढता येतं. तुझा हक्क आहे तो."

"हक्क!" ती हसली. "लहानपणी माझी पेन्सिल घेताना कधी विचारलं नाहीस."

हात पुसून तिनं कागद घेतला. डावीकडे तिचं बोलणं होतं: "लोक रिकाम्या हातांनी यायचे. बाटली विसरलो म्हणायचे. मग मी आतल्या खोलीत प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवल्या. आधी दोघा-चौघांनाच द्यायचे. आता सगळ्यांनाच देते. कुणी बाटली घेऊन आलं की उलट मलाच लाज वाटते."

उजवीकडे माझं लेबल होतं: परिस्थितीनुरूप बदल.

तिनं ते दोनदा वाचलं. डबा तसाच राहिला.

"हे पोरांना शिकवतेस?"

"हो."

"काय सांगतेस?"

"अडचण आली की चांगला उद्योजक मार्ग बदलतो."

"मी मार्ग नाही गं बदलला. मी हरले. तुझ्या लेबलांत तेवढं एक नाहीये का?"

नव्हतं. खरंच नव्हतं. यादी मीच केली होती. मी तिला सांगितलं की मधूनच नवं लेबल घातलं तर बत्तीसच्या बत्तीस मुलाखती पुन्हा तपासाव्या लागतात. हे बरोबरच आहे, कुणालाही विचारा. पण ती ते ऐकत नव्हती.

"ताई, त्या दिवशी तू विचारलंस ना, सध्या कसं वाटतंय म्हणून? दुकानाबद्दल मी घरात कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते. तुला सगळं सांगितलं. मला वाटलं, तू विचारतेयस."

मीच विचारत होते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तो माझ्या प्रश्नावलीतला अकरावा प्रश्न होता. बत्तीसही जणांना मी तो त्याच शब्दांत विचारलाय.

तिनं सही केली. रागानं नाही, कुरिअरवाल्याला करतात तशी. "घाल पुस्तकात. तुझं कायम होऊ दे. जमलं तर तेवढं हरले लिही. नाही जमलं तर राहू दे." बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती डबा न संपवताच गेली.

फॉर्मवर सहीच्या खाली एक रकाना असतो: सहभागीची काही हरकत अथवा सूचना. तो संशोधकानं भरायचा. हरले लिहिलं तर ती यशोगाथा उरत नव्हती, आणि दोन यशोगाथांवर बाई पुस्तक पुढे सरकवणार नव्हत्या. शुक्रवारी सकाळी स्टाफरूममध्ये बसून मी त्या रकान्यात "नाही" लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

मे महिन्यात या वेळी अर्ज करावा लागला नाही. कायम झाल्याचं पत्र आलं, तेव्हा मी पहिला फोन धाकटीला केला. "अगं वा! अभिनंदन," ती म्हणाली. मग मी विचारलं, "तू कशी आहेस?"

एरवी एवढं विचारलं की अर्धा तास तिची गाडी थांबायची नाही. कंपाउंडर कसा घोरतो इथपासून ते शेजारणीच्या भांडणापर्यंत.

"मजेत," ती म्हणाली.

बत्तीस मुलाखती घेतल्यात मी. माणूस बोलायचा बंद झाला की मला पहिल्या शब्दाला कळतं. तेव्हा दुसरा प्रश्न विचारायचा असतो, तेही मी वर्गात शिकवते.

मी फोन कानाला लावून उभी राहिले. तीही ठेवत नव्हती. मला एकही प्रश्न सुचला नाही.