पाणथळातल्या मशहूफची कैफियत

मी एक जुनी होडी आहे. लांबट, अरुंद, दोन्ही टोकांना वर वळलेली. दक्षिण इराकच्या पाणथळात आम्हाला मशहूफ म्हणतात. नदीकाठच्या एका सुतारानं माझ्या फासळ्या बसवल्या, वर फळ्या ठोकल्या आणि अंगभर उकळतं डांबर चोपडलं. मित्रांनो, त्या दिवशी मी फार तोऱ्यात होते. आता तो तोरा राहिला नाही. बोलतानाही दम लागतो.

फहीमा लग्न होऊन आली ती माझ्यातच बसून. तिच्या सासरी जमीन नव्हती. पाण्यात उंच वाढणाऱ्या बोरूचे थरावर थर टाकून केलेलं बेट, त्यावर बोरूचंच घर आणि दाराशी म्हशी. ती बोरू कापून माझ्यात रचायची, दुधावरची जाड साय बाजारात न्यायची. भारानं मी इतकी दबायचे, की पाणी माझ्या काठाला चाटून जायचं. पण थकवा म्हणजे काय, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग बगदादच्या राजवटीनं, बंडखोरांना लपायला जागा उरू नये म्हणून, बांध घातले आणि आमचं पाणी पळवलं. बोरू वाळला, पेटला. माणसं वाट फुटेल तिकडे गेली. मला ट्रकवर घालून शहराच्या कडेला नेलं आणि एका भिंतीशी पालथं टाकलं. कित्येक वर्षं माझ्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. फहीमाचा नवरा तिथंच, परक्या गल्लीत वारला. राजवट कोसळली तेव्हा लोकांनी कुदळींनी बांध फोडले. पाणी परतलं, आणि फहीमा मुलाला, चासिबला, आणि मलाही घेऊन पाण्यामागोमाग परतली.

त्यानंतर आली सुहैला. बसऱ्याची पोर, जगभर पाणथळं राखणाऱ्या एका संस्थेत कामाला. माझ्यात बसून ती पक्षी बघायची, पाण्याचा खारटपणा मोजायची. एका सकाळी तिनं चासिबला पकडलं. त्यानं बॅटरीची तार पाण्यात सोडली होती आणि भोवती माशांची बोटभर लांबीची पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

"ही मासेमारी आहे होय रे? ही कत्तल आहे!"

"त्याला ओरडू नकोस, पोरी," फहीमा माझ्या टोकाशी बसून म्हणाली. "दूध शहरात पोचेस्तोवर नासतं. मग खायचं काय आम्ही, तुझे पक्षी?"

"पक्षी नको खाऊस, खाला. आधी मला चहा दे, मग भांडू," मावशीला म्हणतात तशी 'खाला' अशी हाक मारत सुहैला म्हणाली.

त्या दोघी अशाच भांडत एकमेकींच्या झाल्या.

सुहैलाच्या संस्थेनं आमचं पाणथळ जगापुढं मांडलं. देशोदेशीचे जाणकार आले, बगदादला बैठका झाल्या. सरकार नवा नियम करणार, पाणथळाला नदीच्या पाण्यात हक्काचा वाटा मिळणार, असं ऐकून बेटाबेटांवर मासे भाजले गेले. पण एका दुपारी सुहैला आली ती मान खाली घालून.

"खाला, वाटा मिळतोय. पण मसुद्यात लिहिलंय की मधल्या भागात माणूस नको, म्हैस नको. आमच्याच संस्थेच्या लोकांनी 'इथं निसर्ग अबाधित ठेवा' असा सल्ला दिला होता. त्याचा हा अर्थ काढलाय."

फहीमानं हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाली, "आधी पाणी काढून आम्हाला हाकललं. आता पाणी आणून हाकलता?"

सुहैलाला रडू फुटलं. डोळे पुसून ती बसऱ्याला गेली आणि आपल्याच वरिष्ठांशी भांडली. शेवटी तिनं त्यांना आणि नियम लिहिणाऱ्या सरकारी खात्याच्या एका साहेबांना इथं आणलं. साहेब माझ्यात बसले, बूट जपत. वल्हं फहीमाच्या हाती होतं.

"बाई, तुमचीच माणसं विजेनं मासे मारतात," साहेब म्हणाले. "तुम्हाला इथं राहू दिलं तर राखायला उरणार काय?"

साहेब खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात चासिबनं आपली होडी शेजारी लावली, बॅटरी उचलली आणि माझ्यात, साहेबांच्या पायाशी ठेवली.

"ही घेऊन जा. मी सोडलं. म्हशी राहू द्या."

"तू एकट्यानं सोडून काय होणार?"

"बाकीचे माझे चुलतभाऊच आहेत. त्यांना मी आवरतो. शिव्या मलाच पडतील, तुम्हाला नाही."

शिव्या पडल्याच, वर त्याची जाळीही फाडली गेली. पण मसुदा बदलला. माणसं राहणार, बोरू कापणार. फक्त पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात काही भाग बंद ठेवायचा आणि त्याची राखण बेटांवरच्याच लोकांनी करायची. संस्थेच्या मदतीनं दूध थंड ठेवायचं केंद्र उभं राहिलं, म्हशींना डॉक्टर मिळाला. संस्थेची वर्षाची सभा बेटावरच झाली, तिथं साहेबांना फिरवणारी होडी म्हणून माझं कौतुक झालं, वर वळलेल्या टोकात हार पडला. मला वाटलं, आता सगळं सुखानं चालेल.

मित्रांनो, तसं झालं नाही. पाऊस रुसला, वरच्या धरणांनी पाणी अडवलं, आणि आमच्या हक्काचा वाटा कागदावरच राहिला. चासिबला राखणीसाठी इंजिनाची नवी बोट मिळाली आणि मी चिखलात रुतले. उरलेलं पाणी आटून खारं झालं, ते पिऊन म्हशी आंधळ्या झाल्या, दोन मेल्या. शेजारचं बेट ओस पडलं. या उन्हाळ्यात फहीमानंही गाठोडं बांधलं.

"थांब, आई," चासिब म्हणाला. "नियमात वाटा आपला आहे. मागून तरी बघतो."

"किती वेळा मागशील?"

"ते देईपर्यंत."

तो आणि सुहैला पाटबंधारे कचेरीच्या दारात बसून राहिले. संस्थेची परदेशातली माणसं फोनवर फोन करत होती. अखेर पाणी सोडायचा दरवाजा अर्धा उघडला. काल पाणी आलं, घोट्याइतकं. फहीमानं गाठोड्याची गाठ सोडली नाही, पण निघालीही नाही. म्हशी त्या उथळ पाण्यात जाऊन बसल्या, आणि तीही त्यांच्याजवळ पाय बुडवून बसली.

माझ्या फळ्या कुजल्यात, मी आता तरंगणार नाही. त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगते, मित्रांनो. आमचा वाटा नियमात लिहून घ्यायला जगभरची माणसं धावून आली, त्यांचे उपकार आहेत. पण लिहिलेलं पाणी आपोआप वाहत नाही. ते दारापर्यंत आणायला दर उन्हाळ्यात कुणालातरी पुन्हा जाऊन बसावं लागतं. चासिब दमलाय, सुहैलाचे केस पिकलेत. त्यांच्या शेजारी बसायला या.