कडेचे काटे आणि मी

मित्रांनो, सायकल सगळ्यांना दिसते. तिची घंटी दिसते, टोपली दिसते, चकचकीत हँडल दिसते. टायरच्या पोटात गुपचूप बसून सगळा भार उचलणारी मी मात्र कुणाला दिसत नाही. माझी आठवण निघते ती ‘फुस्स’ झाल्यावर, आणि तीही कपाळाला आठ्या घालून! मी एक जुनी ट्यूब आहे, अंगभर ठिगळे मिरवणारी. पण मी रडगाणे गायला आलेले नाही. मला आभार मानायचे आहेत, आणि सुरुवात काट्यांपासून करायची आहे. हसू नका, आधी ऐका तर खरे.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या रबराची लांबलचक नळी झाली, तिची दोन टोके जोडली, हवा भरायला तोंड बसवले आणि अंगाला पांढरी पावडर फासून मला खोक्यात निजवले. दुकानाच्या फळीवर मी कितीतरी दिवस नुसती झोपा काढत होते. मग एके दिवशी काकू आल्या आणि माझे नशीब उघडले.

काकू शिवणकाम करायच्या. घराघरांत जाऊन मापे घ्यायच्या आणि शिवलेले कपडे पोचवायच्या. घरे शेतांमधून विखुरलेली, त्यामुळे सायकल म्हणजे त्यांचे पायच होते. पुढच्या चाकात मी, वर टोपलीत कपड्यांचे गाठोडे, आणि खाली अरुंद, वळणावळणाचा रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची उंच कुंपणे होती. पाखरे त्यांत घरटी बांधत. कुंपणांशी माझे तसे काही वाकडे नव्हते.

पण वर्षातून एकदा कुंपण कापायला यंत्रवाले भाऊ ट्रॅक्टर घेऊन येत. ट्रॅक्टरच्या लांब हाताला गरगर फिरणारी पाती होती. भाऊ मन लावून काम करत. कुंपण असे सरळ छाटत, की काकूसुद्धा म्हणायच्या, “माझ्या कात्रीलाही असं जमायचं नाही.” मागे रस्त्यावर काटेरी तुकड्यांचा सडा पडे. तो तसाच टाकून जाण्यातले भाऊ नव्हते. ते सगळे काटे नीट लोटून रस्त्याच्या कडेला लावत आणि समाधानाने घरी जात.

आता सांगा, सायकल कुठून चालते? कडेने!

त्या दिवसांत माझे हाल कुत्रा खाईना. काकू मात्र कधी चिडल्या नाहीत. अंगणात बादलीभर पाण्यात त्या मला बुडवायच्या. बुडबुडे आले की त्या जागी कापडावर खुणा करायच्या खडूने गोल काढायच्या. काटा टायरमध्ये लपून बसला असेल, तर रेशमी चिंधी आतून फिरवायच्या. चिंधी अडकली की चोर सापडलाच! मग जागा घासून त्यावर ठिगळ. “घे गं बाई, आता नटलीस,” असे म्हणून त्या मला थोपटायच्या. इतकी माया नव्या ट्यूबच्या वाट्याला कुठली यायला? काट्यांचे आभार मी का मानते, ते कळले ना?

काकूंच्या मुलाला मात्र हे पाहवत नव्हते. “आई, चाक बसलं आणि तू पडलीस तर? हात मोडला तर शिवणार कशानं?” तो सारखा म्हणे. शेवटी त्याने निर्वाणीचे सांगितले, “आता एकदा जरी पडलीस, तर ही सायकल मी विकणार.”

आणि काकू पडल्या. त्या वर्षी कुंपण नुकतेच कापले होते. वळणावर समोरून गाडी आली, काकूंनी सायकल कडेला घेतली आणि माझी सगळी हवा एकदम गेली. काकू गाठोड्यासकट झुडपात! कोपर खरचटले, गाठोड्यातला गिऱ्हाइकाचा नवा झगा काट्यांत अडकून फाटला. मुलाने कोपर पाहिले. त्याने लगेच जुन्या सायकली विकत घेणाऱ्या एका माणसाला फोन करून सांगितले, “रविवारी येऊन सायकल घेऊन जा.” सायकल गेली की काकूंची घराघरांतली ये-जा संपणार होती.

काकूंनी त्या संध्याकाळी मला पुन्हा ठिगळ लावले. सकाळी त्या सायकल हातात धरून चालत भाऊंकडे गेल्या. भाऊ ट्रॅक्टर पुसत होते.

“भाऊ, तुमच्या काट्यांनी मी काल पडले.”

“काय सांगता, काकू! अहो, मी तर सगळं कडेला लोटतो. रस्ता कसा मोकळा करून ठेवतो!”

“कुणासाठी मोकळा?”

भाऊंना प्रश्नच कळला नाही. ते उंच सीटवर बसणारे. कडेने कोण जाते, ते वरून कुठे दिसणार? काकू भांडल्या नाहीत. त्यांनी सायकल पुढे केली आणि म्हणाल्या, “बसा. त्या वळणापर्यंत जाऊन या.”

भाऊ हसत हसत बसले. सुरुवातीला मधून ऐटीत निघाले. तेवढ्यात मागून गाडीचा भोंगा वाजला. भाऊ दचकून कडेला सरले, सरळ आपणच रचलेल्या काट्यांवर! मी आयुष्यात पुष्कळदा फुस्स झाले, पण त्या दिवशीसारखी मनापासून कधीच नाही. सायकल डगमगली, भाऊंनी धडपडत पाय टेकले. पडता पडता वाचले बिचारे.

सायकल ढकलत ते परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. “काकू, कडेला तर जागाच नाही हो. नुसते काटेच काटे.”

“रोज तिथूनच जाते मी.”

भाऊ खाली मान घालून उभे राहिले. “माझं चुकलं, काकू,” एवढेच म्हणाले.

रविवारी सायकल न्यायला माणूस आला, त्याच्या आधीच भाऊ दारात हजर. हातात नवी कोरी ट्यूब. त्यांनी मुलाला सगळे सांगितले. “काटे यापुढे मी उचलून नेणार. आणि कापून झालं की आधी स्वतः सायकलवरून कडेनं फेरी मारणार. त्यानंतरच घरी जाईन.” मुलाला ते पटले. मग त्याने त्या माणसाची माफी मागून त्याला परत पाठवले आणि स्वतःच्या हाताने नवी ट्यूब चाकात बसवली.

आणि मी? मला वाटले, आता उकिरडा. पण भाऊंना ट्रॅक्टरच्या मागे एक मोठा खराटा पक्का बांधायचा होता. “ही जुनी मला देता?” त्यांनी विचारले. काकूंनी आपल्या कात्रीने मला कापले, आणि माझी लांब पट्टी झाली. मित्रांनो, आज तो खराटा मीच घट्ट धरून ठेवला आहे. ज्या काट्यांनी मला टोचले, ते आता मीच गोळा करते.

म्हणून एकच विनंती. तुम्ही कुठलेही काम करा, मागे राहिलेला कचरा कडेला लोटू नका. कडेनेही कुणीतरी जात असते.

परवाच कुंपण कापून झाले. भाऊंनी आपली फेरी मारली. थोड्या वेळाने त्याच कडेने काकू आल्या. मी सवयीने ‘फुस्स’ ऐकायला कान टवकारले. ऐकू आली ती फक्त घंटी.