फ्लशच्या टाकीतली बाटली

पान्याला या सुट्ट्यांत एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे प्यायची नाही. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही का? पण वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की सगळं जग हातात ग्लास घेऊन उभं राहतं आणि न पिणाऱ्याकडे असं बघतं, जणू हा सुतकी चेहरा करून लग्नाला आलाय.

पान्या धंद्याने प्लंबर. खिशात कायम पाना असायचा म्हणून घरच्यांनी हे नाव पाडलं होतं. दारूपायी त्याचं दुकान बसलं आणि बायको माहेरी निघून गेली. तो व्यसनमुक्तीच्या बैठकांना जायला लागला, तेव्हा कुठे ती परत आली. आली तीही एका अटीवर: पुन्हा एक थेंब जरी पोटात गेला, तर ती जी जाईल ती कायमचीच. अट घालताना तिने आवाज चढवला नव्हता, ती शांतपणे भाजी निवडत होती. पान्याला भीती वाटली ती त्या शांतपणाचीच.

सुट्टीला ताईने दोघांना आपल्या घरी बोलावलं. तिथे भाऊजी होते आणि आईही तिच्याकडेच राहायची. बायको दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी दुपारी संपणार होती, म्हणून पान्या सकाळीच एकटा पोचला. ताईचा आपल्या भावावर भारी जीव. हा रिकामा बसला की याच्या डोक्यात किडा वळवळतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने घरातला गळका नळ नि तुंबलेलं सिंक मुद्दाम तसंच राखून ठेवलं होतं. हात गुंतले की मनही गुंतेल, असा तिचा साधा विचार. देव असे विचार माणसांच्या मनात घालतो खरा, पण ते एकमेकांना सांगायची बुद्धी द्यायला मात्र विसरतो.

कारण घरातल्या बाटल्या पान्यापासून लपवायचं पुण्य प्रत्येकाने आपापलं स्वतंत्र पदरात पाडून घेतलं होतं. आणि प्रत्येकाने जागा शोधली ती अशी, जिथे पाहुणा कधी डोकावत नाही. पाहुणा प्लंबर आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सिंकखाली पाइपामागे वाइन निघाली. ती ताईने लपवलेली. पान्याने ती डोळे मिटून बाजूला सरकवली, सिंक मोकळं केलं आणि बाटली पुन्हा जागेवर ठेवली. वॉशिंग मशीनचा पाइप बदलताना मागच्या फटीत रमची बाटली मिळाली, आईच्या जुन्या स्वेटरमध्ये बाळासारखी गुंडाळलेली. पान्या त्या बाळाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने स्वेटर वर ओढून तिचं तोंड झाकलं आणि घाम पुसला.

तोवर बाथरूममधून पाण्याची धार ऐकू यायला लागली. फ्लशची टाकी भरून वाहत होती. पान्या निघाला तसे भाऊजी आडवे आले. राहू दे म्हणाले, सुट्टीत कशाला त्रास. शिवाय तो आवाज कसा धबधब्यासारखा वाटतो, झोप छान लागते. ताईने त्यांना झोप लागण्याची किंमत पाणीपट्टीच्या भाषेत समजावून सांगितली, आणि पान्या आत गेला.

दार लावून त्याने टाकीचं झाकण उचललं. आत व्हिस्की. भाऊजींची सगळ्यात भारी बाटली, गार पाण्यात उभी, अंगावर थेंब, आणि तिच्या खांद्याला अडकून पाणी थांबवणारा फ्लोट अर्ध्यावरच राहिलेला. पाणी बंद व्हायचं तर बाटली काढणं भाग होतं. म्हणजे हे कामच होतं, बघा. पान्याने कामासाठीच ती काढली. कामासाठीच हातात धरली. पण मग बाथटबच्या कडेवर बसला, तो काही कामासाठी नव्हे.

बंद दार, आपण दोघंच, असं बाटली म्हणत होती. पान्याचा अंगठा बुचापाशी गेला. दुसऱ्या हाताने त्याने फोन लावला तो चष्मेवाल्यांना. हे बैठकीतले वडीलधारे, त्याच्याआधी कितीतरी वर्षं दारूतून सुटलेले. ते त्या वेळी दुकानात एका म्हातारीच्या नाकावर फ्रेम बसवत होते. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आधी दार उघड. मग मोठ्याने देवाचं नाव घे. थांबू नको."

पान्याने दार उघडलं. तोंड उघडलं. पण ऐन वेळी एकही देव आठवेना. जन्मभर जे तोंडात होतं तेच बाहेर आलं, आणि आई सकाळी म्हणते त्या प्रार्थनेच्या चालीत आलं. एल्बो, टी, कपलिंग, युनियन, रिड्यूसर, वॉशर, अशी पाइपाच्या जोडांची नामावली. पुन्हा एल्बो. आवाज फाटका, पण कळकळ अशी की स्वयंपाकघरातल्या आईने पीठ माखलेले हात जोडले आणि ती टाळ्या वाजवत मागून म्हणू लागली. देवानेही ते नामस्मरणातच धरलं असणार, तो शब्दांबाबत तितका काटेकोर नाही.

गलका ऐकून ताई नि भाऊजी धावत आले. पान्याच्या हातात बाटली बघून भाऊजींनी झडप घातली. त्यांना मेहुण्याला वाचवायचं होतं की व्हिस्कीला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ओल्या हातातून बाटली निसटली, टबच्या कडेवर फुटली आणि अख्खी पान्याच्या शर्टावर उडाली.

आणि तेवढ्यात बायको ड्यूटी संपवून दारात उभी राहिली.

वास जिन्यापर्यंत गेला होता. सगळे एकदम बोलायला लागले. ताई सिंकचं सांगू लागली, आई स्वेटरचं, भाऊजी फ्लोटचं. आई आणि ताई एकमेकींचं ऐकून मधेच अवाक झाल्या. बायकोने हात वर केला, तसं घर गप्प झालं.

"तुम्ही सांगा," ती पान्याला म्हणाली.

इतकी वर्षं या जागी पान्याचं उत्तर ठरलेलं असे. प्यायलो नाही, तुझी शपथ, आईची शपथ. आज त्याला एकही शपथ सुचली नाही.

"टाकीत होती. काढली. बूच फिरवणार होतो," तो म्हणाला. "मग फोन केला. आणि तुम्ही सगळे ऐका, एक तर बाटली घरात ठेवू नका, नाहीतर सरळ टेबलावर ठेवा. लपवलेली बाटली माझ्याशी एकटीच बोलायला लागते."

ताईने पदर डोळ्यांना लावला. हा माणूस प्यावंसं वाटलं हे बायकोला पहिल्यांदाच सांगत होता. आजवर तिला ते नेहमी दुसऱ्या दिवशी कळायचं, तेही वासावरून. तिने काचा पायाने बाजूला सारल्या.

"सरका जरा," ती म्हणाली, आणि त्या वासातच त्याच्याशेजारी टबच्या कडेवर बसली.

शेवटी बाहेरून भाऊजींनी अतिशय नम्रपणे विचारलं, की घाई नाही, पण बाथरूम साधारण कधी मोकळं होईल.