उसना किंगपिन

एकोणीसशे ब्याऐंशी साल, हिवाळ्याचे शेवटचे दिवस. तेव्हा मी भट्टीतून बाहेर पडलो. मी किंगपिन बोलतोय. नावात पिन आहे म्हणून टाचणी समजू नका. दोन बोटं जाड, वीतभर लांब असा मी पोलादी दांडा आहे. ट्रकच्या पुढच्या एक्सलच्या, म्हणजे आसाच्या, टोकाला मी उभा असतो आणि पुढचं चाक माझ्या आधाराने वळतं. स्टेअरिंग फिरवणाऱ्याचं नाव होतं. भार मी घेतो.

आम्ही जोडीने जन्मतो. एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. मी डावा.

कारखान्यात पहिला भेटला तो तपासनीस. त्याने मला मोजलं, भुवया वर केल्या, पुन्हा मोजलं. दुकानात गेलो तर प्रत्येक गिऱ्हाईक खोका उघडून मला नखाने खरवडायचं.

"ओरिजिनल आहे ना?"

"साहेब, दुकान काय आज उघडलंय?"

"म्हणूनच विचारतोय."

असं सगळं ऐकत मोठा झालो. मग कुणावर विश्वास ठेवायची सवय लागणार कशी?

मला विकत घेतलं ते एका जाड चष्म्याच्या ड्रायव्हरने. रस्त्यावर सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. त्याने खोका उघडलाही नाही. मला तिथेच त्याचा संशय आला. जो माल पाहत नाही त्याच्या मनात काहीतरी असतं. त्याच्या गाडीला माझी गरजही नव्हती. खोका सीटखाली सरकवत तो दुकानदाराला म्हणाला, "असू दे. लागतं कुणाला तरी."

कुणाला तरी! मी काय स्टेशनावरचा बाक आहे?

पुढच्या वर्षी डोंगराच्या पायथ्याशी एक ट्रक अडला. पुढची चाकं वाकडी झाली होती, मागे खिडक्यांच्या काचा भरलेल्या. गाडी चालवणारा आणि गाडीचा धनी एकच. म्हणून सगळे त्याला मालक म्हणायचे, निम्मे मानाने आणि निम्मे चिडवायला. गॅरेजच्या मिस्त्रीने हात वर केले. किंगपिन शहरातून आणायला हवे होते आणि काचा तर दुसऱ्या दिवशी पोचायला हव्या होत्या.

चष्मेवाला तिथून चालला होता. त्याने गाडी मागे घेतली आणि सीटखालून खोका काढला.

"घाल."

"किती द्यायचे?" मालकाने विचारलं.

"पैसे नकोत. जोडीला जोडी दे. नवी."

त्या रस्त्याची रीतच तशी होती. अडलेल्या गाडीला सुटा भाग उसना द्यायचा. फेड वस्तूनेच करायची. आणि फेड होईपर्यंत घेणाऱ्याने देणाऱ्याची गाडी ओलांडायची नाही. समोर दिसली तर मागे राहायचं, हॉर्नसुद्धा द्यायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

मिस्त्रीने आम्हाला बसवलं. काचा वेळेवर पोचल्या. मालकाने जोडी आणायला मात्र आज-उद्या केलं. चष्मेवाला गाडी सावकाश चालवायचा. मालक त्याच्या मागे अडकला की दात खायचा. "म्हातारा मुद्दाम रेंगाळतोय. मी देणेकरी आहे हे लोकांना दाखवायचंय त्याला." मलाही तसंच वाटायचं.

मालक आळशी नव्हता. दर आठवड्याला ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरायचा. वरच्या बाजूने ग्रीस बाहेर आलं की चिंधीने पुसून म्हणायचा, "खा पोटभर." माझ्या वरच्या अंगाला ग्रीस मिळायचं. खालचं अंग कोरडंच राहायचं. ओरडून सांगावं तर किरकिरण्यापलीकडे मला भाषा नाही. मला वाटलं, हा माणूस मला मुद्दाम उपाशी ठेवतोय. मी लवकर मेलो की परत करायला नको.

मी झिजू लागलो. स्टेअरिंग जड झालं. मालकाला वेगळाच संशय आला.

"एवढ्यात झिजला? खोटा माल गळ्यात मारला म्हाताऱ्याने! ह्याची कसली फेड करायची?"

मी खोटा? तपासनिसाने दोनदा मोजलेला मी?

एका दुपारी चढावर चष्मेवाला पुढे, मालक मागे आणि त्यांच्यामागे ट्रकची रांग होती. मालकाने हॉर्न दाबला आणि गाडी बाहेर काढून पुढे घातली. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. चष्मेवाल्याने गाडी कडेला घेऊन वाट दिली, बस्स.

त्यानंतर मालकाला कुणी काही देईना. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटून आम्ही उन्हात उभे होतो. एक ट्रक हळू झाला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, नंबर वाचला आणि निघून गेला. अडल्यावर कुणी थांबत नाही अशा रस्त्यावर एका गाडीचा धंदा चालत नाही. मालकाचे भाडे देणारे दुसरी गाडी बघू लागले.

मालकाची बायको पुढच्या चाकाशी उभी राहून बोलली, म्हणून मी ऐकलं.

"अहो, साधा पाना मागितला तरी लोक नाही म्हणतात. काय मिळवलंत पुढे जाऊन?"

"त्याने खोटा माल दिला."

"मग तो खोटा माल त्याचा त्याला नेऊन द्या. आपल्याकडे कशाला सांभाळताय?"

ती वैतागून बोलली होती. मालकाने खरंच धरलं. मला काढायचं आणि चारचौघांत चष्मेवाल्याच्या पायाशी टाकायचं, असं त्याने ठरवलं. नवी जोडी विकत घेऊन तो त्याच मिस्त्रीकडे गेला.

जॅक लागला. चाकं निघाली. मला एक्सलमध्ये धरून ठेवणारी खिळी निघाली. मिस्त्रीने घण उचलला.

"थांब. घण नको. तोंड चेपेल त्याचं."

"मग गॅसने एक्सल तापवतो. गंजलाय खाली."

"गॅस नको. काळा पडला तर म्हातारा म्हणेल तूच जाळलास. मला तो जसाच्या तसा हवा."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. "मालक, मला पिन काढायची आहे की बाळंतपण करायचंय?"

"काहीही कर. अंगावर ओरखडा नको."

मग पितळेची सळई मध्ये ठेवून हलक्या हाताने ठोकणं सुरू झालं. डिझेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा ठोकायचं. दोन तासांच्या कामाला दिवस गेला. मालक टायरवर बसून मिस्त्रीच्या हातावरून नजर हटवत नव्हता. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "एवढं जपायचं होतं तर आत होता तेव्हा जपायचं."

संध्याकाळी मी बाहेर आलो. वरचं अंग आरशासारखं, खालचं एका बाजूने खाल्लेलं.

"बघ!" मालक ओरडला. "अर्धं पोलाद, अर्धा कचरा!"

मिस्त्री गप्प बसला. मला बसवलं त्यानेच होतं. तोंड उघडलं तर आळ आपल्यावर येईल हे त्याला कळत होतं. त्याने माझा जोडीदार काढला, तोही तसाच. मग नवी जोडी बसवली आणि ग्रीसगन मालकाच्या हातात दिली.

"तुम्हीच मारा. उद्या म्हणाल मिस्त्रीने ग्रीस खाल्लं."

गाडी अजून जॅकवर होती, एक्सल अधांतरी. मालकाने दांडा दाबला. वरून ग्रीस आलं. आणखी दाबल्यावर खालूनही आलं, गोल कड्यासारखं. मालक थांबला. त्याने ते पुसलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा खालून आलं.

"हे खालून कसं आलं?"

"खालूनही येतंच."

"माझ्याकडे कधी आलं नाही."

"गाडी उचलून मारत होता?"

मालकाने ग्रीसगन खाली ठेवली. चाकं जमिनीवर असताना गाडीचं सगळं ओझं माझ्या खालच्या अंगाला चिकटून बसतं. तिथे ग्रीसला वाट नसते. इतके दिवस तो न चुकता ग्रीस मारत होता आणि इतके दिवस चाकं टेकलेलीच होती.

मला हातात घेऊन तो टायरवर बसला आणि उलटासुलटा फिरवत राहिला. मी ओळखून होतो, आता हा मला भंगारात फेकणार. पुरावाच नको.

"ही गोष्ट तुझ्या-माझ्यात," तो म्हणाला.

"माझ्या तोंडात ग्रीस भरलंय," मिस्त्री म्हणाला.

मालकाने मला फेकलं नाही. आज मी त्याच्याच हत्यारांच्या पेटीत आहे. दुसरा कुठला दांडा अडकला की त्याच्यावर मला उभं धरतात आणि घण माझ्या डोक्यात घालतात. तक्रार नाही. वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. ग्रीस मारताना चाक उचला, आणि कुणाला खोटं म्हणायच्या आधी आपण काय करतोय ते वाकून बघा. मीही मालकाबद्दल चुकलो होतो.

सांगायचा राहिला तो वजनकाट्यावरचा दिवस.

मालकाने दुकानातून आणखी एक जोडी आणली. खोका सीटवर ठेवला आणि शेजारी मला. माझा संशय गेला नव्हता. दोघांना कशाला नेतोय? खोका स्वतःसाठी आणि मी चष्मेवाल्याच्या पायाशी, असंच असणार.

काट्यावर ट्रक रांगेत होते. चष्मेवाला आपल्या केबिनमध्ये बसला होता. एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात मला घेऊन मालक रांगेच्या कडेने चालू लागला. ड्रायव्हर पटापट खाली उतरले. भांडण फुकट बघायला मिळणार होतं.

"काय मालक, आज ओलांडायला पायी आलात?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मालकाच्या तळहाताला घाम सुटला होता, मी त्यातच होतो. चष्मेवाल्याच्या दाराशी तो उभा राहिला आणि शेवटच्या ट्रकपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमचा माल खरा होता. मी चाकं टेकवून ग्रीस मारत होतो."

हसणं थांबलं.

चष्मेवाल्याने हात पुढे केला. मला घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, झिजलेली बाजू डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि मला परत दिलं. मग खोका घेतला आणि सीटखाली ठेवला.

देणं फिटलं.